‘आम्ही दोघं मिळून ठरवतो’ म्हणजे नक्की कोण ठरवतं?

प्रश्न असा आहे: छोट्या शेतकरी कुटुंबांत नवरा-बायकोने शेतीचे आणि घरखर्चाचे निर्णय मिळून घ्यावेत, यासाठी आमची संस्था काम सुरू करते आहे. सुरुवातीच्या पाहणीत बहुतेक जोडप्यांनी ‘आम्ही दोघं मिळूनच ठरवतो’ असं सांगितलं. मग आम्ही बदलायचं काय? आणि निर्णय खरोखर मिळून होतो की नाही, हे ओळखायचं कसं?

हे उत्तर जवळपास सगळीकडे येतं. हातात वही घेऊन बसलेल्या पाहुण्यासमोर ‘आमच्याकडे एकाचंच चालतं’ असं कोण म्हणेल? शिवाय बऱ्याचदा दोघंही मनापासून बोलत असतात. त्याला वाटतं, मी तिच्या कानावर घातलं, म्हणजे विचारलंच की. तिला वाटतं, मी ‘नको’ म्हटलं नाही, म्हणजे माझी संमती होतीच. दोघांच्याही लेखी निर्णय मिळून झाला.

त्यामुळे आधी दोघांना वेगवेगळं बसवा आणि तेच प्रश्न पुन्हा विचारा. २०१२ साली आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्था, ऑक्सफर्ड विद्यापीठातला एक गट आणि अमेरिकेची सरकारी विकास मदत संस्था यांनी मिळून शेतीतल्या स्त्रियांच्या सक्षमीकरणाचा निर्देशांक तयार केला. त्याचा पायाच हा आहे. एकाच घरातल्या स्त्री-पुरुषाची मुलाखत स्वतंत्र घ्यायची, आणि उत्पादन, साधनं, उत्पन्न, नेतृत्व आणि वेळ या पाच अंगांनी दोघांची स्थिती तपासायची. पुढे बांगलादेशात नवरा-बायकोंची उत्तरं शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा मालमत्ता कुणाची आणि निर्णय कुणाचा यावर त्यांचं अनेकदा एकमत नव्हतं. तुमच्याकडेही तसंच होईल. कोण खोटं बोलतंय हे शोधत बसू नका. उत्तरं जिथे जुळत नाहीत ती जागा नोंदवून ठेवा, पुढचं सगळं काम तिथेच आहे.

दुसरं, ‘कोण ठरवतं’ असं एका दमात विचारूच नका. एखादा नुकताच झालेला व्यवहार घ्या आणि तो उलगडत जा. समजा, गेल्या महिन्यात घरातली एक शेळी विकली. कोणी ठरवलं? दोघांनी. बरं. पैशांची नड आहे हे आधी कोण बोललं? धान्य ठेवून शेळीच काढायची, हे कोणी सुचवलं? गिऱ्हाईक कोणी आणलं? भाव ठरत होता तेव्हा तिथे कोण उभं होतं? पैसे कुणाच्या हातात पडले? दुसऱ्याला त्याच दिवशी नेमका आकडा कळला, की ‘बरे आले’ एवढंच कळलं? उरलेले पैसे आत्ता कुठे आहेत, हे दोघांनाही सांगता येईल? आणि मला सगळ्यांत कामाचा वाटतो तो प्रश्न: ती म्हणाली असती, ‘आत्ता नको, पेरणी उरकल्यावर विकू’, तर शेळी दावणीला राहिली असती का?

असं विचारत गेलात की एक आकार दिसू लागतो. सुरुवातीला बायको असते, कारण घरात काय संपलंय, फी कधी भरायची आहे, कोण आजारी आहे हे तिला आधी कळतं. शेवटीही ती असते, कारण ठरलेल्या रकमेत घर चालवायचं तिनेच. मधला टप्पा मात्र, म्हणजे कोणाला विकायचं, कितीला विकायचं आणि रोकड कोणी घ्यायची, यात ती क्वचितच असते. ‘मिळून ठरवतो’ हे खोटं नसतं. ज्या टप्प्यात पैशाला आकार येतो, त्या टप्प्यात ते लागू नसतं इतकंच.

काही जण म्हणतील, घर एक, चूल एक, मग पैसा कुणाच्या हातात पडला याने काय फरक पडतो? अर्थशास्त्रातही बराच काळ असंच मानलं गेलं. गॅरी बेकर यांच्या मांडणीत घर म्हणजे जणू एकच माणूस: एक खिसा, एक इच्छा. शेतात हे गृहीतक टिकत नाही. अर्थतज्ज्ञ क्रिस्टोफर उड्री यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो या देशातल्या कुटुंबांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध केला. तिथे एकाच घरात नवऱ्याचं रान वेगळं आणि बायकोचं वेगळं असतं. घर तेच, वर्ष तेच, पीक तेच, आणि तरी बायकांच्या रानातलं उत्पादन सुमारे ३० टक्के कमी. त्या शेती वाईट करत होत्या असं नाही. शेणखत जवळपास सगळं पुरुषांच्या रानात पडत होतं, घरातली आणि बाहेरची मजुरीही तिकडेच जास्त जात होती. खताचा आणि हातांचा हाच साठा घरातल्याच रानांत नीट वाटला असता तर एकूण उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी वाढलं असतं, असा त्यांचा हिशेब निघाला. नवीन बियाणं नाही, कर्ज नाही, पाण्याची नवी सोय नाही. पुरुषांशी बोलताना मी हेच उदाहरण आधी काढतो. हक्काची भाषा ऐकली की काही जण हात बांधून बसतात. शेणखत कुठे पडतं म्हटलं की पुढे सरकतात.

पैशाचंही तसंच. उड्री आणि अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांनी शेजारच्या कोत दिव्हारमध्ये (आयव्हरी कोस्ट) पावसाचा आधार घेऊन पाहणी केली. एखाद्या वर्षीचा पाऊस बायकांच्या पिकांना मानवतो, एखाद्या वर्षीचा पुरुषांच्या. बायकांच्या पिकांना चांगलं गेलेल्या वर्षी घरात खाण्यावरचा खर्च वाढला. पुरुषांच्या स्वतःच्या नगदी पिकाला चांगलं गेलं तर तसा वाढला नाही. मला त्यातली तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कोनफळाच्या वर्गातलं याम नावाचं कंद तिथे पुरुष पिकवतात, पण त्याचा पैसा घराचा, हा तिथला रिवाज. आणि याम चांगलं आलं की अन्न आणि शिक्षण दोन्हींवरचा खर्च वाढत होता. म्हणजे ‘पुरुषाच्या हातातला पैसा वाया जातो’ असा सरधोपट निष्कर्ष काढता येत नाही. कुठला पैसा कशासाठी, हे घरात आधीच ठरलेलं असेल तर तो कुणाच्याही हातून योग्य जागी जातो. तुमच्या कामात हे थेट वापरता येईल: दोघांनी प्रत्येक खर्चावर चर्चा करण्यापेक्षा, हंगामाआधी बसून कोणत्या पिकाचा पैसा कशाला लावायचा एवढं बोलून ठेवणं कितीतरी सोपं असतं, आणि जास्त टिकतं.

अर्थात, पैसा किती हेच एकाला माहीत नसेल तर असं बोलणं होणार कसं? नवे असलात तर पहिला हात माहितीला घाला, अधिकाराला नंतर. नाव्हा अश्रफ या अर्थतज्ज्ञ. त्यांनी फिलिपिन्समध्ये जोडप्यांवर केलेला प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. बायकोला पत्ता न लागता पैसे मिळाले तेव्हा अनेक नवऱ्यांनी ते स्वतःच्या खात्यात टाकले. विशेषतः ज्या घरात बचत बायको सांभाळते तिथल्या नवऱ्यांनी. दोघांनी आधी बोलून मग निवड करायची असं ठेवल्यावर तेच नवरे पैसे बायकोच्या खात्यात टाकू लागले. माणसं बदलली नव्हती, कोणाला काय माहीत आहे एवढंच बदललं होतं.

लपवण्याचं हे काम एकतर्फी नसतं, हेही लक्षात असू द्या. बायकाही थोडे पैसे बाजूला ठेवतात: डब्यात, बहिणीकडे, बचत गटात. पुष्कळदा तीच घरातली शेवटची राखण असते. ‘पारदर्शकता’ म्हणून पहिल्याच बैठकीत तिला ते उघड करायला लावू नका. आधी पिकाचा आकडा, मग कर्जाचा. तिची गाठोडी सगळ्यांत शेवटी, आणि तीही तिला वाटलं तर.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण नव्या प्रकल्पांत ती हमखास निसटते. सगळे निर्णय मिळून व्हावेत हे उद्दिष्टच ठेवू नका. अंडी आजवर ती तिच्या मनाने विकत होती, पैसे स्वतः वापरत होती. तुम्ही ‘संयुक्त निर्णया’चा धडा दिलात आणि आता अंड्यांच्या पैशावरही दोघांची चर्चा होऊ लागली, तर तक्त्यात संयुक्त निर्णयांची संख्या वाढेल आणि तिच्या हातातला एकमेव मोकळा पैसा जाईल. युगांडात मक्याच्या शेतीची माहिती व्हिडिओवरून कधी फक्त नवऱ्याला, कधी फक्त बायकोला, तर कधी दोघांना एकत्र दाखवून पाहिली होती. बायकोला एकटीला दाखवलं तेव्हा तिची माहिती वाढली आणि स्वतःहून घेतलेले निर्णयही वाढले. दोघांना एकत्र बसवणं हा प्रत्येक वेळी उत्तम मार्ग नसतो, निदान शिकवताना तरी.

प्रकल्पच घरातली वाटणी कशी उलटवू शकतो, याचं जुनं आणि ठळक उदाहरण पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बियातलं आहे. भात हे तिथलं बायकांचं पीक. १९८४च्या सुमारास जहाली-पाचार भागात पाण्याची नियंत्रित सोय असलेला मोठा भातप्रकल्प आला. जमीन बायकांच्या नावे नोंदवायची असं धोरणात होतं. प्रत्यक्षात त्या जमिनी ‘कुटुंबाची सामायिक शेती’ म्हणून चालवल्या गेल्या, आणि सामायिक शेतीचा मुखत्यार पुरुष. उत्पादन वाढलं. बायकांचा स्वतःचा भात मात्र गेला आणि कष्ट त्यांचेच राहिले. ‘सामायिक’ या नावाखाली काय हस्तांतरित होतंय, हे पाहिल्याशिवाय कुठलाही अर्ज ‘कुटुंबाच्या नावे’ भरून घेऊ नका. पीक बाजारात चढलं, यंत्र आलं, कंपनीशी करार झाला की ही फिरवाफिरवी होण्याची शक्यता सगळ्यांत जास्त.

आता प्रत्यक्ष काय करायचं. मी झाडाच्या चित्राचा आग्रह धरतो. ही पद्धत युगांडाच्या कासेसे जिल्ह्यातल्या कॉफी उत्पादकांच्या सहकारी संस्थेत लिंडा मेयू आणि स्थानिक कार्यकर्त्यांनी घडवली. ऑक्सफॅम नोव्हिब या संस्थेने ती पुढे इतर देशांत नेली. साक्षर असण्याची गरज नाही. मोठा कागद घ्यायचा आणि मधोमध खोड काढायचं. खाली मुळं: एका बाजूला बायको करते ती कामं, दुसऱ्या बाजूला नवरा करतो ती, मधे दोघं मिळून करतात ती. खोडात मालमत्ता आणि निर्णय, कोणाचं काय. वर फांद्या: कोण कशावर खर्च करतं, घरासाठी किती आणि स्वतःसाठी किती. प्रत्येक गोष्टीचं छोटं चित्र काढायचं, आणि ते काढायचं जोडप्याने. खडू कार्यकर्त्याच्या हातात गेला की सगळं संपलं.

होतं काय, ते सांगतो. नवरा बहुधा त्याच्या बाजूची मुळं आधी भरतो: नांगरणी, फवारणी, बाजार. मग तिची बाजू. निंदणी, कापणी, पाणी, सरपण, स्वयंपाक, पोरं, जनावरं. जागा संपत येते, चित्रं बारीक होत जातात, एखादं कागदाच्या कडेला वळवावं लागतं. कार्यकर्त्याने या वेळी एक शब्दही बोलू नये. बोललात की तो तुमच्याशी वाद घालेल. गप्प राहिलात तर त्याला स्वतःच्या रेघांशी घालावा लागतो. मग वर फांद्यांकडे जायचं, आणि तिथे सहसा खाली मोठी बाजू तिची, वर ‘स्वतःसाठी’ची मोठी बाजू त्याची. झाड एका अंगाला झुकलंय हे सांगावं लागत नाही. यानंतर एकच विचारायचं: पुढच्या हंगामापर्यंत यातल्या कोणत्या दोन-तीन गोष्टी हलवायच्या? त्यांच्याभोवती गोल करायचा आणि कागद घरी न्यायला द्यायचा. ‘आपण समानतेने वागू’ असला गोल कोणी काढू लागलं तर नम्रपणे पुसायला लावा. ‘पाणी मी भरेन’, ‘विक्रीची पावती दोघं बघू’, असलं काही हवं.

अमर्त्य सेन यांनी घराबद्दल म्हटलंय की तिथे सहकार्य आणि संघर्ष एकाच वेळी चालतात, आणि वाटणीत कोणाचा वरचष्मा राहणार हे दोन गोष्टींवर बरंच अवलंबून असतं: उद्या फिसकटलं तर कोण स्वतःच्या पायावर उभं राहू शकतं, आणि घरात कोणाचं काम ‘योगदान’ म्हणून मोजलं जातं. झाडाची मुळं दुसऱ्या गोष्टीवर काम करतात. पहिलीसाठी चित्र पुरत नाही, तिथे जमीन, खातं, स्वतःची मिळकत लागते. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल स्त्रियांच्या जमिनीच्या मालकीवर इतका भर देतात तो याच कारणाने.

जमिनीच्या कागदांबद्दल थोडक्यात, कारण हा विषय तुमच्या कायदा सल्लागाराचा. संयुक्त नोंदणीने फरक पडतो. इथिओपियाच्या अम्हारा भागात जमिनीच्या प्रमाणपत्रावर नवरा-बायको दोघांची नावंच नव्हे तर फोटोही लावले गेले. वाचता न येणाऱ्यालाही ते समजतं. पण रवांडात देशभर नोंदणी झाली तेव्हा एक अडचण उघडी पडली: कायदेशीर विवाह झालेल्या स्त्रियांची बाजू भक्कम झाली, तशी नोंद नसलेल्या जोडप्यांतल्या स्त्रिया मागे पडल्या. तुमच्या भागात लग्नांची नोंद होते का, हे आधी बघा.

वेळेचा मुद्दाही छोटा, पण जागचा हलत नाही. तिला निर्णयात आणायचं म्हणजे आणखी बैठका, आणखी फेऱ्या. तिच्या दिवसातून आधी काही काढलं नाही, तर तुमचा कार्यक्रम म्हणजे तिच्या डोक्यावरचा आणखी एक हंडा. बैठकीची वेळ पाणी भरण्याच्या वेळेवर पडत नाही ना, एवढं तरी तपासा.

कोणाला बोलवायचं? फक्त बायकांना बोलावून ‘घरी जाऊन नवऱ्याशी बोला’ म्हणणं हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत धोक्याचा मार्ग. पुरुषांची एक बैठक आधी वेगळी घ्या, पुरुष कार्यकर्त्याने घ्या, आणि त्यांच्या चिंतेला जागा द्या. ‘गावात लोक बायल्या म्हणतील’ ही भीती खरी असते आणि ती हसण्यावारी नेली की माणूस परत येत नाही. दोघांवर ज्यांचा शब्द चालतो अशी वडीलधारी मंडळी घरात असतील तर त्यांना बाहेर ठेवून काही होणार नाही. नवरा बाहेरगावी कमावत असेल तर निर्णय फोनवर होतात. तिथे ‘कोण ठरवतं’ यापेक्षा ‘तो फोनवर नसताना तिने किती खर्चापर्यंत विचारायचं नाही’, हे ठरवून घेणं जास्त उपयोगी पडतं.

आणि जिथे मारहाण आहे तिथे जोडप्याची बैठक घेऊ नका. चित्र काढायलाही नाही. नवऱ्यासमोर ती जे बोलेल त्याची किंमत तिला घरी मोजावी लागेल. अशा वेळी स्त्रीशी एकटीशी बोलणारी प्रशिक्षित व्यक्ती आणि मदतीची ठिकाणं कार्यक्रम सुरू होण्याआधीच ठरलेली हवीत, नंतर शोधून चालत नाही.

राहिला प्रश्न ओळखण्याचा. ‘नवरा / बायको / मिळून’ असे तीन रकाने काढून टाका. त्याऐवजी गेल्या हंगामातले तीन-चार खरे व्यवहार घ्या आणि दोघांना वेगवेगळं विचारा: आकडा माहीत होता का, रोकड कोणाकडे आली, मतभेद झाला का, झाला तर शेवटी कोणाचं राहिलं. चार व्यवहारांत एकदाही मतभेद नाही असं दोघंही सांगत असतील, तर मी अशा घराला ‘उत्तम’ असा शेरा देत नाही, तिथे पुन्हा जातो. एखाद्या वेळी तिचं राहिलं, एखाद्या वेळी त्याचं, आणि दोघांनी सांगितलेली गोष्ट साधारण एकच, असं दिसलं तर काहीतरी हललंय.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. पहिल्या वर्षानंतरच्या पाहणीत ‘मिळून ठरवतो’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण बहुधा खाली येईल. झाड काढून बसलेल्या बाईला आपण मधल्या टप्प्यात नव्हतो हे आता दिसलेलं असतं, आणि ती तसं सांगते. निधी देणाऱ्या संस्थेला हे आजच लेखी कळवून ठेवा. वर्षअखेरच्या अहवालात सांगितलंत तर ती सबब वाटेल.